अडतीस अंश

पडद्यावर एकशे चौदा नंबरची ओळ हिरवी झाली आणि यादी पुढे सरकली. घडलं ते एवढंच. नियोजन विभागातली मुलगी सकाळपासून एकेक ओळ वाचत होती. अमुक टॉवरपासून तमुक टॉवरपर्यंतची तार खालच्या जमिनीपासून, झाडापासून, घरांच्या गच्च्यांपासून किती उंच आहे, ते नियमात बसतं की नाही. बसलं तर ओळ हिरवी, नाही तर लाल. एकशे चौदाचा तुकडा नव्या लेझर मोजणीत राहून गेला होता, कारण त्या दिवशी वस्तीवरून ड्रोन उडवायची परवानगी वेळेत आली नव्हती. "इथे जुनी नोंद धरलीय," ती म्हणाली आणि मान वर करून त्याच्याकडे बघत हसली, "पण सही सरांची आहे, म्हणजे प्रश्नच नाही." टेबलाभोवतीचे सगळे हसले, आणि मायेनंच हसले. कुणीतरी म्हणालं, "नियमबुवांचं आणि लेझरचं जुळलं नसतं, तर लेझर दुरुस्तीला पाठवावं लागलं असतं." तोही हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की टेबलाखाली आपला उजवा पाय हलतोय आणि आपण थांब म्हटलं तरी थांबत नाहीये.

नियमबुवा हे नाव त्याला पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पडलं, आणि आधी त्याला त्याचा राग यायचा. मग आवडायला लागलं. हेल्मेटचा पट्टा लावला नाही म्हणून त्यानं एकदा मुख्य अभियंत्यालाच टॉवरच्या पायथ्यावरून परत पाठवलं होतं, त्याची गोष्ट अजून नव्या भरतीला सांगितली जाते, दर वर्षी थोडं तिखटमीठ लावून. भरतीतल्या पोरापोरींना तो स्वतः शिकवतो. पहिल्या तासाला तो फळ्यावर दोन खांब काढतो, मधे तार काढतो आणि विचारतो, ही तार किती उंच आहे? कुणी सहा मीटर म्हणतं, कुणी आठ. मग तो म्हणतो, कधी? सकाळी की दुपारी? थंडीत की उन्हात? लोड किती होता? तार तापली की लांबते आणि लांबली की खाली येते. अंगातून जितकी जास्त वीज जाईल तितकी ती आणखी तापते, आणखी झोल घेते. म्हणून उंचीच्या शेजारी वेळ आणि तापमान लिहिलं नसेल तर तो आकडा कवडीमोलाचा. हे तो गेली कित्येक वर्षं न चुकता सांगत आला, आणि सांगताना दर वेळी त्याची नजर खिडकीबाहेर जायची. पोरांना वाटायचं, सर विचारात गढलेत.

पडद्यावर आता एकशे वीस, एकशे एकवीस. शहराला वीज आणणाऱ्या दोन लाइनी शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोन्ही म्हाताऱ्या. नव्या मानकांप्रमाणे त्यांच्या तारा बदलायच्या, गंजलेले सांधे बदलायचे, काही टॉवर उंच करायचे. सोमवारी सकाळी सहाला पहिली लाइन बंद होणार आणि तिचं काम होईपर्यंत, म्हणजे नऊ दिवस, सगळ्या शहराचा भार दुसरीच्या अंगावर येणार. एकशे चौदा त्या दुसरीवर होता. नऊ दिवस, भर उन्हाळ्यात, दुप्पट लोड. झोल किती वाढेल याच्या गणिताला त्याला कागद लागत नव्हता. ते पायातच होतं, म्हणून तर पाय हलत होता. आणि आज शुक्रवार. "चार वाजता मी अंतिम यादी पाठवते," मुलगी म्हणाली, "तोवर कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा." सगळ्यांनी पेनं खिशाला लावली. त्यानंही लावलं.

स्वच्छतागृहात त्यानं तोंड धुतलं. आरशात बघायचं टाळून हात पुसले. मग परत धुतले. अकरा वर्षं. तो थंडीतला दिवस होता, सकाळचे पावणेसात. एकशे चौदाच्या तारेखाली, ताईच्या घराच्या गच्चीवर तो दोरी, काठी आणि मोजायचं यंत्र घेऊन उभा होता, श्वासाची वाफ दिसत होती, आणि वर तार अशी ताठ की जणू कुणी नुकतीच आवळून गेलंय. ताईला वर एक मजला हवा होता, एकच खोली. भावोजी तेव्हा अंथरुणाला खिळलेले, पोरगी चौदा वर्षांची, आणि खाली दोन खोल्यांत आजारपण, अभ्यास, शिवणयंत्र सगळं एकमेकांच्या उरावर. नगरपालिकेला वीजखात्याचा दाखला हवा होता: खोली बांधल्यावर तिचं छप्पर तारेपासून सुरक्षित अंतरावर राहील. तो दाखला द्यायचं काम त्याच्याच टेबलाचं. त्यानं मोजलं. आकडा छान आला. छान येणारच, नऊ अंशांत तार वरच असते. खरं तर दुपारी दोनला परत येऊन मोजायचं, नाही तर तक्त्यावरून उन्हाळ्याचा झोल वजा करायचा. वजा केला तर खोली बसत नव्हती. थोडक्यात बसत नव्हती, पण बसत नव्हती. त्यानं वेळेच्या रकान्यात दुपारचे दोन लिहिले आणि तारेच्या तापमानाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. चाळीस लिहायला तो वाकला होता. मग त्याला वाटलं, चाळीस बनावट दिसेल. त्यानं अडतीस लिहिलं. खोटं बोलतानाही त्यानं नेटकेपणा सोडला नव्हता, आणि याची त्याला तेव्हा, त्या क्षणी, थोडी गंमतसुद्धा वाटली होती. आत्ता ती गंमत आठवून त्यानं नळ परत सोडला.

गाडी काढताना त्यानं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे, मनानं आपोआप एक सोपी वाट काढून पुढ्यात ठेवली होती. ताईला सांगायचं, नऊ दिवस गच्चीवर कुणी पाऊल ठेवायचं नाही. बस. नऊ दिवस काय, बघता बघता जातील. मग दुसऱ्या लाइनीचं काम निघेल, एकशे चौदाचे टॉवर उंच होतील, तार वर जाईल, आणि अकरा वर्षांपूर्वीचा तो कागद हजारो कागदांखाली शांतपणे कुजेल. कुणाचं नुकसान नाही. कुणाचं म्हणजे कुणाचंच नाही. सिग्नलला थांबल्यावर त्यानं हे तीनदा घोकलं आणि तिसऱ्यांदा मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता. रस्त्याच्या कडेनं लाइन सोबत चालली होती, टॉवर, तार, टॉवर, तार, आणि त्याची मान सारखी वर जात होती. चालवताना वर बघू नये हे कळत होतं. एका टॉवरखाली कुणी भलामोठा ट्रक उभा केला होता आणि त्याच्या टपावर एक माणूस ताडपत्री बांधत उभा होता, तर याचा पाय ब्रेकवर गेला. तो तुकडा हिरवा होता, लेझरनं मोजलेला, खरा हिरवा. तरी पाय गेला.

ताईनं त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही. हा विचार रस्ताभर दातात अडकलेल्या कणासारखा जिभेला लागत होता. आई गेली तेव्हा ती सोळाची आणि हा नऊचा. वडील फिरत्या पाळीला. तिनं शाळा सोडली, औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवायला लागली, आणि हा वीजखात्यात लागेपर्यंत तिथेच राहिली. संध्याकाळी बोटांना डिंक असायचा. त्या बोटांनी ती याच्या वह्यांची पानं उलटायची आणि पानं एकमेकांना चिकटायची. समजत काही नसायचं, पण खाडाखोड दिसली की म्हणायची, "हे काय रे बाळ्या? माहीत नव्हतं तर कोरं सोडायचं." त्या खोलीसाठीही तिनं गळ घातली नव्हती. तिचे शब्द त्याला आजही जसेच्या तसे आठवत होते, आणि तेच तर नको होतं. ती म्हणाली होती, "नीट मोजून सांग. चालत असेल तरच बांधू." आपण तिच्यासाठी खोटं लिहिलं असं तो इतकी वर्षं स्वतःला सांगत आला. पण त्या दिवशी दहा वाजता त्याची बढतीची मुलाखत होती, आणि दुपारी दोनला परत यायचा त्याला कंटाळाही आला होता. आणि ताईपुढे जाऊन "नाही बसत" म्हणायची हिंमत नव्हती, कारण आयुष्यात पहिल्यांदा तिला काही द्यायची वेळ आली होती आणि त्याला ते द्यायचं होतं. हे सगळं खरं होतं, आणि यातलं कुठलं किती खरं हे त्याला आजवर वेगळं काढता आलं नव्हतं.

दार उघडंच होतं. खाली कुणी नव्हतं. शिवणयंत्रावर झाकण. त्यानं हाक मारली तर वरून दबक्या आवाजात उत्तर आलं, "हळू! पोरगी झोपलीय." भाची आता इस्पितळात परिचारिका होती, रात्रपाळी करून यायची आणि दुपारभर वरच्या खोलीत झोपायची. तो जिना चढला. खोलीचं दार लोटलेलं, आणि तिथून गच्चीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर, शेवटून दुसऱ्या पायरीवर, ताई मांडीवर कुणाचा तरी परकर घेऊन तुरपाई करत बसली होती. तिच्या मागे गच्चीचं दार, त्याला कुलूप. जिन्यात उकडून निघत होतं.

"इथे काय बसलीस? खाली पंखा आहे ना?"

"उजेड बरा असतो इथे. तू या वेळेला कसा? जेवलास?"

"जेवलो," तो खोटं बोलला. मग घाईघाईनं, पाठ केलेलं विसरायच्या आत म्हणाला, "ताई, एक काम आहे. सोमवारपासून नऊ दिवस गच्चीवर कुणाला जाऊ देऊ नकोस. आमचं लाइनीचं काम आहे. विशेष काही नाही, आपलं जरा काळजी म्हणून."

ताईनं सुईत दोरा ओवला. "आम्ही तसंही कुणी जात नाही गच्चीवर."

"का?"

तिनं दोऱ्याला गाठ मारली, टोक दातानं तोडलं. तिच्या चेहऱ्यावर तो भाव आला जो तो लहानपणी ओळखायचा: वडिलांची नोकरी गेली तेव्हा, घर बदलायचं ठरलं तेव्हा; वाईट बातमी आपल्यालाच आधी कळली याचं अवघडलेपण.

"तू सकाळी मोजलं होतंस ना?" ती म्हणाली.

त्यानं कठडा धरला.

"मी काय तुझ्यासारखी शिकलेली नाही. पण डोळे आहेत मला. खोली झाली त्या पहिल्या उन्हाळ्यात पोरगी गच्चीवर बॅडमिंटन खेळत होती. फूल पाण्याच्या टाकीच्या मागं अडकलं म्हणून पडद्याची लोखंडी दांडी घेऊन वर चढली टाकीवर. मी बघायला गेले तर दांडी वर धरलेली आणि तिचे केस असे, सगळे उभे. हसत होती वेडी. 'आई, गुदगुल्या होतायत' म्हणाली." ताईनं परकराची घडी घातली, परत उलगडली. "खाली ओढली तिला. नंतर मी रोज बघत बसले. सकाळी तार त्या समोरच्या इमारतीच्या खिडकीच्या वर असते. दुपारी तीनला खिडकीच्या मधोमध येते. संध्याकाळी परत वर. महिनाभर बघितलं. मग म्हटलं, बाळ्या तर सकाळी आला होता."

"मला सांगितलं का नाहीस?" त्याचा आवाज चढला. खोलीत भाचीनं कूस बदलल्याचं ऐकू आलं आणि दोघंही गप्प झाले.

"काय सांगणार?" ताई कुजबुजली. "कागदावर तुझी सही. तो खोटा निघाला तर तू कुठं जाणार होतास? आणि खोली तर बांधून झाली होती, हे वर येऊन पडले होते तिथे. म्हटलं, आपलं आपण सांभाळू. कुलूप लावलं. पण कुलपाचं काय, एकदा हिच्या मैत्रिणींनी किल्ली शोधून काढलीच. तेव्हापासून दुपारी इथेच बसते. उन्हं उतरली की उठते. शिवण तर कुठंही होतं."

"आणि टाकी? टाकी कोण धुतं?"

"मीच. थंडीत, उजाडल्या उजाडल्या. तेव्हा ती वर असते ना." तिनं हे अशा साध्या सुरात सांगितलं की जणू दूधवाल्याच्या वेळा सांगत होती. "वाकूनच असते मी. उभी राहत नाही."

त्याला वाटलं आपण रडू, पण रडू आलं नाही. आला तो संताप, आणि तोही कुणावर काढायचा ते कळेना. बासष्ट वर्षांची बाई थंडीत पहाटे टाकीवर वाकून चढते, आणि हा त्या वेळी फळ्यावर दोन खांब काढायला ऑफिसात निघालेला असतो. सुरक्षा सप्ताहात त्याला दोनदा ढाल मिळाली होती. त्या दोन्ही ढाली ताईनंच खालच्या कपाटात मांडून ठेवल्या होत्या, त्याच्या घरी जागा नाही म्हणून. आणि हा आज इथे तिला सांगायला आला होता, की आणखी नऊ दिवस बस. एवढंच. नऊ दिवस काय, बघता बघता जातील.

पण या वेळी तिच्या बसण्यानं भागणार नव्हतं. हे त्याला आत्ता, पायरीवर उभं असताना, पहिल्यांदा पूर्ण उमगलं. म्हणजे गणित आधीही येत होतं, फक्त त्यानं ते शेवटच्या ओळीपर्यंत नेलं नव्हतं. दुप्पट लोडवर तार आणखी खाली येणार. टाकीला लोखंडी नळ होता, वर लोखंडी झाकण. माणूस वर नसला तरी ठिणगी त्या झाकणावर उडी मारू शकत होती. आणि तशी उडाली की ही लाइन बंद पडणार, दुसरी आधीच बंद, म्हणजे सगळं शहर एका झटक्यात अंधारात जाणार, भाचीच्या इस्पितळासकट. आणि या सगळ्याखाली, त्याच छपराखाली, ती पोरगी झोपलेली.

तो खाली गेला, गाडीतून मोजायचं यंत्र आणि तापमापक घेऊन आला. ताईनं न विचारता कुलूप काढलं. गच्चीवर ऊन असं की डोळे मिटायला झाले. तार गुणगुणत होती. त्यानं टाकीपाशी न जाता, कडेला बसून, नियमाप्रमाणे तीनदा मोजलं. नियमाला हवं होतं त्यापेक्षा सव्वा मीटर कमी, आणि हा आजचा साधा लोड. समोरच्या इमारतीची खिडकी त्यानं पाहिली. तार बरोबर मधोमध होती. घड्याळात पावणेतीन. तापमान एक्केचाळीस. त्यानं ते तळहातावर लिहिलं, कारण कागद आणायचं तो विसरला होता. आणि फोन लावला.

"एकशे चौदा लाल कर," तो म्हणाला.

"सर? ती तर जुनी नोंद..."

"ती खोटी आहे. मी सकाळी पावणेसातला मोजलं आणि दुपारचे दोन लिहिले. तारेचं तापमान नऊ होतं, मी अडतीस लिहिलं. घर माझ्या बहिणीचं आहे. सोमवारी लाइन बंद करू नका. आधी इथला वरचा मजला उतरवावा लागेल, नाही तर टॉवर उंच करावे लागतील. आजचा आकडा सांगतो, घे."

त्यानं तळहातावरचा आकडा वाचून दाखवला. मग ती हळूच म्हणाली, "सर, मी काय म्हणते... तुम्ही आज परत मोजलं आणि फरक आढळला, एवढंच लिहू का? तारा काय, जुन्या झाल्या की थोड्या सैल पडतातच. कुणी विचारणार नाही."

चांगली मुलगी होती. त्यानंच शिकवलेली. ही वाट किती सोपी आहे आणि किती मऊ आवाजात बोलते, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. त्याच्या तोंडून 'बरं' येत आलं होतं; जिभेच्या टोकाशी आलं होतं.

"नको," तो म्हणाला. "मी बोललो तसंच लिही. आणि आत्ताच लिही, मी फोनवर आहे तोवर. ठेवला तर मला परत लावायचं धाडस व्हायचं नाही."

बटणं दाबल्याचा आवाज येत राहिला. मधे एकदा तिनं नाक ओढलं. मग तिनं त्याचंच वाक्य त्याला वाचून दाखवलं, पहिल्यापासून, सहीच्या नावासकट, आणि तो उन्हात बसून "बरोबर, बरोबर" म्हणत गेला. आता चौकशी होईल, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत.

तो आत आला तेव्हा ताई दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पाडावी लागेल ना?" तिनं खोलीकडे बघत विचारलं.

"बहुतेक. टॉवर उंच व्हायला सहा महिने लागतील, तोवर थांबता येणार नाही. ताई, मी..."

"आणि तुझं काय होईल?"

"माहीत नाही."

तिनं मान हलवली. आता ती रडेल, किंवा कानाखाली देईल, दोन्हीला तो तयार होता, दुसरीला जास्त. तिनं पदरानं मान पुसली. मग म्हणाली, "तू अजून अर्धा तास आहेस ना इथे? तीन-साडेतीनपर्यंत?"

"आहे. का?"

"मग तू बस इथे. मी जरा पडते. दुपारची कधी झोपलेच नाही रे, अकरा वर्षं झाली."

तिनं सुईदोरा त्याच्या हातात दिला, चपला पायरीवर काढल्या आणि खोलीचं दार लोटून लेकीशेजारी जमिनीवरच आडवी झाली. त्यानं दाराच्या फटीतून पाहिलं तेव्हा तिला झोप लागली होती, तोंड किंचित उघडं, एक हात लेकीच्या खाटेच्या पायाला धरलेला. तो शेवटून दुसऱ्या पायरीवर गच्चीच्या दाराला पाठ लावून बसला. पायरी बसून बसून मधोमध गुळगुळीत झाली होती.